तारमास्तर आणि बिनपडद्याचं यंत्र

तारमास्तर कधी ‘मला दिसत नाही’ म्हणाले नाहीत. ते म्हणायचे, ‘वाच.’ एस.टी.ची पाटी असो, औषधाची बाटली असो, नाहीतर कपातल्या चहावर साय आली आहे का हा प्रश्न असो, जवळच्या माणसाकडे तोंड करून एकच शब्द. मधुमेहानं त्यांच्या दोन्ही डोळ्यांवर जाळं धरलं होतं. उजेड कळायचा, माणूस आला-गेला कळायचा, अक्षर कळायचं नाही. पण सांगण्यात रुबाब असा, की वाचून दाखवणं हे आपल्या नेमणुकीचं काम आहे आणि त्यात आपण आधीच उशीर केलाय, असं वाटावं.

मी तेव्हा श्रीरामपूरला एका टायपिंग क्लासात कामाला होते. झाडलोट, मशिनांच्या फिती बदलणं, हजेरी, कुलूप-किल्ली. मूळची मी भंडाऱ्याकडची. सातवीनंतर शाळा सुटली. मामेबहीण इथं नर्स होती, तिच्यासोबत आले. तिची बदली झाली आणि मी क्लासच्या मागच्या खोलीत राहिले. क्लासचे मालक अण्णा भला माणूस, पण टायपिंग शिकायला पोरं येईनाशी झाली होती. ज्याला त्याला कॉम्प्युटर हवा. जूनच्या आत काही जमलं नाही तर जागा कापडवाल्याला देणार, असं अण्णांनी सरळ सांगून टाकलं होतं. क्लास बंद म्हणजे माझी खोली बंद. खोली बंद म्हणजे गावी परत, आणि गावी बाबांनी माझ्यासाठी एक बिजवर बघून ठेवलेला, दोन लेकरांचा. मी रोज उठल्या उठल्या कॅलेंडर बघायचे.

मास्तर रेल्वेतून निवृत्त झालेले. उभी नोकरी लहान लहान स्टेशनांवर तारयंत्रापुढे बसून केलेली, म्हणून तारमास्तर. स्टेशनामागं खोली घेऊन एकटे राहायचे. एक विधवा बहीण नेवाशाला होती, तेवढंच गणगोत. क्लासात ते पोरांना इंग्रजी अर्ज शिकवायचे, कागद न बघता. बोलताना उजव्या हाताचं मधलं बोट टेबलावर वाजत असायचं, कड-कट्ट, कट्ट-कट्ट-कड. मी विचारलं तर म्हणाले, “तुझं बोलनं तारेवर टाकून बघतोय. लई लांबन लावतेस. तारेवर शब्दाला पैसा पडतो, पोरी.” माझ्या भाषेची त्यांना भारी गंमत. मी ‘काम करून राहिली’ म्हटलं की ते पोरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणायचे, “करून ऱ्हायली म्हनते! आमच्याकडं नुसतं करत्यात, ऱ्हात न्हाईत.”

एके दिवशी ते हातगाडीवर ते यंत्र घेऊन आले. कणकेच्या परातीएवढी चपटी पेटी. पडदा नाही, कीबोर्ड नाही. सोबत कुठल्याशा कचेरीतून भंगारात निघालेले दोन जुने टर्मिनल, म्हणजे नुसता पडदा आणि कळा, हिरव्या अक्षरांचे.

अण्णा म्हणाले, “मास्तर, हे भंगार आहे हो.”

“भंगार मीबी हाय, अण्णा. कामाला ठेवलंच ना तुमी?”

मग त्यांनी समजावलं. साधा कॉम्प्युटर एका वेळी एकालाच पुरतो. या पेटीत लिनक्स घातलं तर दोन टर्मिनलवर दोन पोरं एकाच वेळी बसतील. लिनक्स म्हणजे यंत्राला चालवणारी प्रणाली. जगभरच्या लोकांनी मिळून केलेली, फुकट वाटलेली, कुणीही उघडून आत बघावं अशी. दिवसाला सहा तास धरले तर बारा पोरं. बाहेर पाटी लावता येईल, ‘कॉम्प्युटर’. अण्णांनी मान हलवली ती कंटाळून. मी मात्र त्या पेटीकडे असं बघितलं, जसं माझं पुढचं सगळं आयुष्य त्या पत्र्याच्या आत बसलंय.

घालायचं तर कसं, हे श्रीरामपुरात कुणालाच ठाऊक नव्हतं. कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर तेव्हा लिनक्सची सीडी मिळायची. मास्तरांनी ती मिळवली, आणि यंत्रानं ती तोंडातच घेतली नाही. मास्तर हसले. “ही सीडी घरोघरच्या कॉम्प्युटरची. आपल्या पेटीचं डोकं निराळ्या जातीचं. जात बघितल्याबिगर आत घेत न्हाई म्हनतंय. घे, इथंबी तेच!” शेवटी त्यांनी पुण्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या सरांना पत्र धाडलं. मजकूर ते सांगायचे, टाइप मी करायचे, एकेक कळ शोधून. तीन पत्रांनंतर वेगळी सीडी आली आणि छापलेल्या कागदांचा गठ्ठा. तो सगळा इंग्रजी गठ्ठा मी त्यांना अक्षर अक्षर वाचून दाखवला. मला इंग्रजी येत नव्हतं, फक्त अक्षरं येत होती. मी ‘एफ, आय, एल, ई’ म्हणायचे, ते ‘फाईल’ म्हणायचे, आणि मी पुढे जायचे. असं सव्वादोनशे पानं. मध्ये मी रडलेसुद्धा. ते थांबले, माझं नाक ओढणं संपू दिलं, मग म्हणाले, “निर्मले, पुढचं अक्षर.”

यंत्राला पडदा नव्हता, म्हणून टर्मिनलला तारेनं जोडून त्याच्याशी बोलायचं. मास्तरांना याचाच आनंद. जन्मभर तारेवर बोललेला माणूस. पण जोडलं तर टर्मिनल आंधळं. एक अक्षर उमटेना. मी घाबरले, म्हटलं जळलं. मास्तरांनी दोन्हीकडच्या पिना बोटांनी चाचपल्या आणि म्हणाले, “हां! दोघांनी तोंडाला तोंड लावलंय. ऐकनार कोन? याचं तोंड त्याच्या कानाला लाव, आन त्याचं याच्या.” त्यांनीच कथलाचा डाग दिला, हाताला चटका बसेल म्हणून मी श्वास धरून उभी, तारा उलटसुलट जोडल्या, आणि हिरवी अक्षरं धडाधड यायला लागली. “वाच,” मास्तर म्हणाले.

त्या यंत्राच्या पोटात एक बारीक बॅटरी होती, ती मेलेली. त्यामुळे वीज गेली की यंत्र आपलं नाव-गाव विसरायचं. परत चालू करताना त्याला आठ-दहा ओळी टाइप करून सांगायला लागायचं, की बाबा, तू अमुक, तुझा नंबर अमुक. आणि श्रीरामपुरात वीज दुपारी दोनदा जायची. पहिल्या महिन्यात मास्तर ओळी सांगायचे आणि मी टाइप करायचे. नंतर मला तोंडपाठ झाल्या. अजून आहेत. सीडीचा ड्राइव्हही असाच हटवादी. त्याच्या मागची टाचणीच्या डोक्याएवढी एक टोपी उपटल्याशिवाय यंत्र त्याला ओळखच देईना, हे त्या गठ्ठ्याच्या एकशे साठाव्या पानावर निघालं.

एकदा मी खोटं बोलले. इन्स्टॉल अर्ध्यावर आलेलं, मास्तरांनी विचारलं, “पुढं गेलं का?” पडद्यावर काहीतरी लांबलचक आलं होतं, ते चांगलं की वाईट मला कळेना. ते खुर्चीच्या टोकाला आले होते, चेहरा लहान पोरासारखा. मी म्हटलं, “हो, गेलं जी.” त्यांनी पुढची आज्ञा द्यायला लावली, आणि दोन दिवसांचं काम मातीत गेलं. मला वाटलं, आता हे मला हाकलणार. त्यांनी चहा मागवला. मग सांगितलं, तरुणपणी एका आडस्टेशनावर त्यांनी एक तार घेतली होती. एका हमालाची बायको गेल्याची. तो समोरच उभा होता. मास्तरांना दया आली, म्हणून त्यांनी ‘वारली’ऐवजी ‘अत्यवस्थ’ सांगितलं. वाटलं, घरी जाऊन कळेल, तोवर धीर राहील. तो माणूस धावत बाजारात गेला, उसने पैसे काढून बायकोसाठी मोसंबी घेतली, आणि मोसंबीची पिशवी घेऊन घरी पोचला, तेव्हा तिला नेऊन सुद्धा झालं होतं.

“तवापासनं,” मास्तर म्हणाले, “दिसतं ते सांगायचं. वाटतं ते सांगायचं न्हाई. कळलं?”

मी ‘हो’ म्हटलं. त्यानंतर मी त्यांच्याशी कधी खोटं बोलले नाही. तेच नडलं.

उन्हाळ्यात मास्तर वाळायला लागले. अंगावर पिवळटपणा आला. जेवणाची बोंब. मी म्हणायचे, दवाखान्यात जा. ते म्हणायचे, आधी हे चालू होऊ दे. शेवटी अण्णांनी जबरदस्तीनं नगरला नेऊन तपासण्या केल्या. आठवड्यानं रिपोर्ट टपालानं क्लासवर आला. दुपारची वेळ, क्लास रिकामा. मास्तरांनी पाकीट माझ्यापुढे सरकवलं. “वाच.”

नाव वाचलं, वय वाचलं. मग खालच्या ओळी. मी नेहमीसारखी एकेक अक्षर म्हणत गेले आणि त्यांचं बोट नेहमीसारखं टेबलावर वाजत राहिलं. “सी. ए. आर. सी. आय.” बोट थांबलं. मी पण थांबले. “पुढं,” ते म्हणाले. “एन. ओ. एम. ए.” पुढे अजून चार ओळी होत्या, त्या सगळ्या त्यांनी वाचून घेतल्या. कॅन्सर हा शब्द मला ठाऊक होता. कागदावर तो या नावानं येतो, हे ठाऊक नव्हतं. मी घडी घालून पाकीट त्यांच्या हातात दिलं.

“काय म्हणतात, मास्तर?”

“काविळीचा परकार हाय म्हनत्यात. पथ्य पाळायचं.” मग ते थोडं हसले. “झकास वाचलंस. एक अक्षर चुकलं न्हाई.”

ते सहसा शाबासकी देत नसत. मी तो सगळा दिवस खुशीत होते. संध्याकाळी फुलपुड्यावाल्याकडून वेणी घेऊन माळली. हे लिहायला नको वाटतं, पण त्यांच्याच हाताखाली शिकले, तर जे झालं ते लिहायला हवं.

त्यानंतर मास्तर बदलले. आधी ते उत्तर सांगायचे, आता विचारायला लागले. “काय आलंय?” “काय करशील?” “का?” मी म्हणायचे, तुम्हीच सांगा ना. ते तोच प्रश्न परत विचारायचे. मी चुकले तरी दुरुस्त करायचे नाहीत. दोनशे पानांची एक वही आणून दिली आणि केलेली प्रत्येक गोष्ट मराठीत लिहून काढायला लावली. माझ्या शुद्धलेखनाला ते हसले नाहीत, कारण त्यांना ते दिसत नव्हतं. पण वाचून दाखवताना एक पायरी गाळली की टेबलावर थाप पडायची. “या वहीवरनं कुनी आंधळा चालला तर खड्ड्यात पडंल. परत लिही.” मला वाटायचं, आजारानं माणूस चिडका झाला.

मे महिन्याच्या शेवटी ते चालू झालं. दोन्ही टर्मिनलवर एकदम नाव विचारणारी ओळ आली. मी एकीवर मास्तरांचं नाव टाकलं, दुसरीवर माझं. अण्णा पेढे घेऊन आले. त्यांनी पाटी रंगवायला टाकली, चार पोरींची नावं पण आली. मी कॅलेंडर उलटं करून ठेवलं.

तो बुधवार. गुरुवारी दुपारी मी जेवून परत आले तर मास्तर टर्मिनलपुढे हात मांडीवर ठेवून बसलेले. पडदा कोरा.

“वीज गेली का?”

“न्हाई. पुसलं.”

“काय पुसलं?”

“समदं. डिस्क कोरी केली.”

मला वाटलं, चुकून. न दिसणारा माणूस, बोट चुकलं असेल. “असू द्या जी,” मी म्हटलं, “परत घालू आपण.”

“आपन न्हाई. तू घाल. मी मुद्दाम पुसलंय. सीडी तिथं हाय, वही तुझ्याकडं हाय.”

“मला नाही येत, मास्तर.”

“म्हनूनच.”

मी त्या दिवशी त्यांना जे बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. तुम्हाला पोटाला पेन्शन आहे, असं म्हटलं. तुम्हाला कुठं कुणी बिजवराच्या घरी पाठवणार आहे, असं म्हटलं. ते ऐकत राहिले. बोट वाजत नव्हतं. अण्णा आले तशी मी रडत त्यांना सांगितलं, “मास्तरांनी मुद्दाम पुसलं. विचारा त्यांना.” अण्णांनी विचारलं. मास्तर ‘व्हय’ म्हणाले. दुसरं काही नाही.

अण्णा त्यांना कधी मोठ्यानं बोलत नसत. त्या दिवशीही नाही. एवढंच म्हणाले, “मास्तर, तुमची तब्येत बरी नाही. उद्यापासून येऊ नका.”

मास्तर उठले. पिशवी घेतली, चपला पायानं चाचपल्या. दाराशी माझ्याकडे तोंड करून म्हणाले, “केबलच्या शेवटाला टोपी असती बघ. ती उपटायची न्हाई, बसवायला इसरू नको. न्हाईतर डिस्क येड्यावानी करंल.” मी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांना ते दिसलं नसेल, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. पण माणूस वळला की आवाज बदलतो, आणि त्यांचे कान कसे होते ते मला माहीत आहे.

पुढचे पाच दिवस मी त्या पेटीशी रागानं भांडले. वही उघडली, पहिल्या पानापासून. वीज गेली, नाव-गाव सांगितलं, परत गेली, परत सांगितलं. रविवारी डिस्कनं चुका द्यायला सुरुवात केली, रोज वेगळ्या. सोमवारी लक्षात आलं, धूळ पुसताना केबलच्या शेवटाची टोपी मीच काढून खिडकीत ठेवली होती. ती बसवली. मंगळवारी दुपारी अडीच वाजता दोन्ही पडद्यांवर ओळ आली. माझ्याशिवाय तिथं कुणी नव्हतं. पुढे काय करायचं हे विचारायला मान वळवली, आणि विचारायची गरजच नाही हे कळलं. आत कुठंतरी एक गाठ सुटली आणि त्याच जागी राग आणखी घट्ट बसला. बघा, आलं मला. तुमच्याशिवाय आलं.

बुधवारी चार पोरी बसायला लागल्या. दुसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, “मास्तरांना निरोप धाडायला हवा गं. नेवाशाला बहिणीकडे गेलेत म्हणे.” मी फिती गुंडाळत होते. मी म्हटलं, “कशाला?” अण्णांनी परत विषय काढला नाही.

सोमवारी नेवाशाहून एक कंडक्टर निरोप घेऊन आला. मास्तर रविवारी पहाटे गेले.

मी नेवाशाला पोचले तेव्हा पुण्यानुमोदनाची वंदना आटोपून माणसं पांगली होती. पत्र्याचं घर, एस.टी. स्टँडला लागून. बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती, शेजारी मास्तरांचा रेल्वेच्या टोपीतला फोटो, दोन्ही डोळे लख्ख उघडे. त्यांची बहीण उंबऱ्यात बसली होती. मी नाव सांगायच्या आतच म्हणाली, “भंडाऱ्याची का तू? ये, बाई.”

पाणी दिलं. मग म्हणाली, “कॅन्सर हुता. त्याला दीड म्हयना ठावं हुतं. म्या म्हनलं, मंग सांगितलं का न्हाई कुनाला? तर म्हने, सांगितलं असतं तर ती पोरगी रडत बसली असती, शिकली नसती. म्हने, चालू करून ठिवलं आन मी गेलो, तर बंद पडल्यावर तिला कोन सांगनार? एकदा एकटीनं घातलं की मंग कुनी तिला हलवू शकत न्हाई.”

ती बोलत राहिली. बोलल्यानं तिला बरं वाटत असावं.

“श्रीरामपूरची येष्टी आली की इचारायचा, कोन उतरलं? म्या म्हनायची, कुनी न्हाई. पैल्यांदा गप ऱ्हायचा. मंग शेवटल्या दोन-तीन रोजी हसायला लागला. म्हने, आली न्हाई ना? मंग चालू झालं आसंल. बंद आसतं तर पळत आली आसती इचारायला.” तिनं पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं. “झालं का गं चालू?”

“झालं.”

“कवा?”

मास्तरांना जसं खरं उत्तर द्यायला शिकले होते, तसंच मी तिला दिलं. “मंगळवारी.”

“मंजी त्यो हुता तवा!” तिचा चेहरा उजळला. तिनं माझे दोन्ही हात धरले, फोटोकडे वळून म्हणाली, “बघ, दादा, तुझं खरं निघालं,” आणि मला जेवूनच जा म्हणाली. मी जेवले. तिनं भाकरीवर दोनदा तूप घातलं.

त्या वहीवर मी पुढे पोट भरलं. पुण्यात दोन कंपन्यांची यंत्रं सांभाळली, सातवी शिकलेल्या बाईनं. गावी परत जायला लागलं नाही. विचारतात लोक, कुठं शिकलात, आणि मी मास्तरांचं नाव सांगते, आदरानं सांगते, लोकांना ते आवडतंही. एवढंच कुणाला सांगत नाही, की श्रीरामपुराहून नेवाशाला एस.टी.नं सव्वा तास लागतो. दिवसाला आठ गाड्या होत्या. मंगळवार दुपार ते रविवार पहाट, मी एकदाही स्टँडवर गेले नाही.